मार्करचा डबा

सीमाने चहाचा कप पुढे केला तेव्हा तिचे तळहात मला दिसले. दसरा होऊन आठ दिवस झाले होते. मी अमरावतीहून अकोल्याला, माझा जुना विद्यार्थी श्याम आणि त्याची बायको सीमा यांच्या घरी सहज म्हणून गेले होते. तिच्या तळहातांची कातडी जाड झाली होती आणि तिच्यावर ज्वारीच्या दाण्याएवढे कडक ठिपके उठले होते. मी कप घेतला, पण तिचा हात सोडला नाही.

"हे काय झालं गं?"

"काय माहीत बाई. दोन-तीन महिने झाले. पायाले मुंग्या येतात, मंग आग होते. जेवण जात नाही." तिने हात सोडवून घेतला. "डॉक्टर म्हणते, पाण्यानं असन. माहेर दर्यापूरकडचं ना माझं. जल्मभर खारं पाणी पेलो आम्ही."

आमच्याकडे हे उत्तर सगळ्यांना पटतं. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात कोणाला काहीही झालं, किडनी गेली, केस गेले, हातापायाला काही झालं, तरी बोट पाण्याकडे जातं. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. मी मान हलवली आणि चहाचा कप तोंडाला लावला. पण तो मला गेला नाही. असे हात मी आयुष्यात आधी एकदाच पाहिले होते. माझ्या वडिलांचे, एकोणीसशे साठ साली. पुढच्या वर्षी ते गेले.

माझे वडील देवराव खंडारे अमरावतीच्या कँपातल्या एका क्लबात बिलियर्डचे मार्कर होते. मार्कर म्हणजे खेळाचे गुण मोजणारा माणूस, पण काम तेवढंच नसे. टेबलाचं हिरवं कापड एका दिशेने झाडायचं, काठ्या सरळ आहेत की वाकल्या ते टेबलावर लोळवून पाहायचं, काठीच्या टोकाचं चामडं झिजलं की नवं बसवायचं. इंग्रज गेले तरी क्लब राहिला. सरकीवाले, वकील, जमीनवाले देशमुख तिथे येत. वडील पांढरा कोट घालून टेबलाशी उभे राहत आणि इंग्रजीत आकडे पुकारत. त्यांना इंग्रजी शंभरापर्यंतच येत होतं, पण उच्चार असा की नवा पाहुणा दचकून पाही. आम्हा मुलांना आत जायची परवानगी नव्हती. मागच्या व्हरांड्याच्या पायरीवर बसलं की दारातून टेबलाचा एक कोपरा आणि भिंतीवरची गव्याची दोन डोकी दिसत. चेंडूवर चेंडू आपटल्याचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. सुपारी फोडल्यासारखा, पण मऊ.

त्या क्लबाच्या पहिल्या भारतीय सभासदांपैकी एक होते बाळापूरचे भगवंतराव. श्याम हा त्यांचा नातू. तो माझ्या हाताखाली चौथीत होता, अकोल्याच्या शाळेत. पाढ्यांत कच्चा, चित्रकलेत हुशार. आता चोपन्न वर्षांचा आहे, मोटरपंप आणि पाइपांचं दुकान आहे, पोट सुटलं आहे, गालात दिवसभर तंबाखू-सुपारीचा खर्रा असतो. बोलताना तोंड वर करून बोलतो, सांडू नये म्हणून.

त्याला आजोबांची बिलियर्डची काठी बाळापूरच्या घरात पत्र्याच्या नळीत सापडली आणि तिथून त्याचं वेड सुरू झालं. महूहून आण, हैदराबादच्या जुन्या बाजारातून आण, कामठीच्या कोण्या म्हाताऱ्याकडून आण, असं करत त्याच्याकडे चौसष्ट काठ्या झाल्या. आणि सहा मेस. मेस हा काठीचाही पूर्वज. लांब दांडी आणि तिच्या टोकाला लाकडाचा चपटा ठोकळा, वहाणेच्या तळव्याएवढा. चेंडूला टोचायचं नाही, ढकलायचं. पुढे पुरुषांनी काठी घेतली आणि मेस बायकांच्या हातात राहिली, काठीने त्या कापड फाडतील म्हणून. माझ्या लहानपणी तर त्या नुसत्या भिंतीवर टांगलेल्या असत. श्यामने त्या चिखलदऱ्याच्या एका बंगल्याच्या लिलावात घेतल्या. गल्लीतले लोक त्याची मस्करी करत.

"काय श्यामभाऊ, कोणाले बदडाले चालले एवढ्या काठ्या घेऊन?"

"तुलेच. पहिला नंबर तुहाच लावतो."

तीन वर्षांपूर्वी त्याला कळलं की ज्या देवराव मार्करचं नाव त्याचे आजोबा घेत, त्याची मुलगी म्हणजे आपल्या बाई. तेव्हापासून तो दर महिन्याला माझ्याकडे येऊ लागला. वही घेऊन बसे. मी सांगे, तो लिही. ज्या खोलीत मला पाऊल टाकता येत नव्हतं, तिच्याबद्दल भगवंतरावांचा नातू माझ्यासमोर सतरंजीवर बसून मला विचारत होता. मला हे आवडत होतं, खोटं कशाला सांगू. जे आठवत होतं ते सांगितलं, आणि जास्त सांगण्याच्या हौसेने आणखी आठवलं.

चामडं बसवायची वडिलांची पद्धतही मीच सांगितली. चामड्याची चकती पाण्यात भिजवली तर फुगते आणि वाळल्यावर आखडून सुटते. म्हणून ते ती गालात धरत. अर्धा-पाऊण तास. लाळेने चामडं फक्त नरम पडतं. मग सरस लावून काठीच्या टोकावर दाबायचं. मेसच्या ठोकळ्याखाली कापडाला ओरखडा जाऊ नये म्हणून बोटभर रुंद पट्टी असे, तीही तशीच.

आणि यंदाच्या गुढीपाडव्याला मी त्याला डबा दिला. वडिलांचा पितळी डबा, माझ्या ट्रंकेत साठ वर्षं पडलेला. त्यात इंग्रजी अमदानीतल्या चकत्या आणि पट्ट्या होत्या, एकीलाही कसर लागलेली नव्हती. श्यामने डबा उघडला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बाई, ओरिजिनल! आता मी दुसरं चामडं लावतच नाही. एका-एका काठीले हेच."

तर त्या दसऱ्यानंतरच्या भेटीत सीमाचे हात पाहून मला हे सगळं आठवत होतं. मी तिला विचारलं, "तू त्या काठ्यांचं काही करतेस का? पॉलिश वगैरे?"

ती हसली. "मी काठ्याले हात लावला तर हे जेवणार नाहीत दोन दिवस. लेकरं आहेत ते ह्यायचे."

श्याम आतून ओरडला, "आयका! नवऱ्याची बदनामी करून राहिली पाव्हण्यापुढे."

तो बाहेर आला तेव्हा मी त्याचा हात मागितला. तळहात गुळगुळीत होता, बोटांना सरस लागलेला. "भविष्य पाहता का बाई? प्रदर्शनाचं सांगा. पुढच्या महिन्यात अमरावतीत ठेवलं आहे. सगळ्या काठ्या, सगळ्या मेस, पहिल्या रांगेत तुमची खुर्ची."

त्याचा हात स्वच्छ होता, म्हणून मी गप्प बसले. वडिलांचा आजार जर त्या कामातला असता तर तो श्यामला व्हायला हवा होता. आणि वडिलांच्या आजाराचं कारण तर सगळ्यांना माहीतच होतं. क्लबातली उरलेली दारू पितो, असं लोक म्हणत. हात असे होतात, पाय लुळे पडतात, तोंडाला लसणासारखा वास येतो, ते दारूनेच. आई एकदाही म्हणाली नाही की ते पितात. पण नाही पीत असंही म्हणाली नाही. मी तेरा वर्षांची होते. मी लोकांचं ऐकलं.

थंडी पडायला लागली तेव्हा एका सकाळी मी गरम कपडे काढायला ट्रंक उघडली. डांबरगोळ्यांचा वास आला. ट्रंकेत जिथे डबा असायचा तिथे त्याचा चौकोनी डाग होता. आणि वाकलेली असतानाच मला आईचा आवाज ऐकू आला. ती वडिलांना म्हणत होती, लुगड्याले कसर लागली, क्लबातून कापूर आणजा थोडा. आणि वडील हसून म्हणत होते, "मह्या डब्यातलं चामडं पाह. कधी लागली कसर? डोक्याचं औषध लावतो मी त्याले."

डोक्याचं औषध. क्लबाच्या भिंतीवरच्या गव्याच्या आणि वाघाच्या डोक्यांना दर पावसाळ्यानंतर लावायचा तो पांढरा लेप. कातड्याला किडे लागू नयेत म्हणून. तो कुलपात असे, त्याच्या बरणीवर कवटीचं चित्र असे. क्लबाच्या सेक्रेटरीचा कुत्रा तो चाटून व्हरांड्यातच मेला होता, माझ्यासमोर. वडील त्याला सोमल म्हणत, म्हणजे आर्सेनिक.

मी पलंगावर बसले. मग पुढचं आठवलं. वडील चकती तोंडात धरण्याआधी नळावर धूत. राखेने घासून, तीन वेळा. मी पायरीवरून पाहत असे. इतकी वर्षं माझ्या आठवणीत ते चकती धुणं हे भांडी धुण्यासारखं वेगळंच कुठेतरी पडलं होतं. श्यामला मी तोंडात धरणं सांगितलं. धुणं सांगितलंच नाही.

फोन लावला, लागला नाही. परत लावला. चौथ्या वेळी दुकानातल्या माणसाने उचलला, श्यामभाऊ घरी आहेत, मोबाइल इथेच विसरले म्हणाला. मी स्वेटर तसाच टाकला आणि बसस्टँडवर गेले. मूर्तिजापूरमार्गे जाणारी गाडी उभी होती. अडीच तास मी एकच विचार केला. श्यामचे हात स्वच्छ होते. मग अजून वेळ आहे. आजच्या आज थांबवलं तर काही झालेलं नाही. सीमाचं पाण्यानेच असेल, डॉक्टर म्हणतात तसं. हा विचार मी इतक्या वेळा केला की मूर्तिजापूर कधी गेलं ते कळलं नाही.

दार सीमाने उघडलं. तिचा एक गाल फुगलेला होता. मला पाहून तिचे डोळे हसले, पण तोंड उघडलं नाही. हाताने 'या, बसा' केलं आणि बोटाने गालाकडे दाखवून 'थांबा थोडं' अशी खूण केली.

मला वाटलं दाढ दुखते. एक क्षणभर खरंच मला तसं वाटलं.

मागच्या खोलीतून श्यामचा आवाज आला. "सीमा, झाली का नरम? शेवटच्या दोन मेस राहिल्या. घे ना लवकर, सरस थंडा होते."

"थुंक," मी म्हणाले.

सीमा बघत राहिली.

"थुंक ते! आत्ताच्या आत्ता थुंक!" मी वर्गात ओरडत असे तशी ओरडले. तिने घाबरून तळहातावर थुंकलं. बोटभर लांब, काळसर, लाळेने चमकणारी चामड्याची पट्टी. त्या ठिपक्यांच्या तळहातावर ती पडली. मी ती झटकली आणि तिला मोरीत ओढत नेलं. चुळा भर, भर अजून, असं म्हणत राहिले. नळाचं पाणी वाहत होतं.

श्याम धावत आला. "काय झालं? बाई? काय करून राहिल्या तुम्ही?"

"चामडं तोंडात धरायचं हे तू लिहून घेतलं होतंस ना? मग हिच्या तोंडात कसं?"

"मी कुठं धरू?" त्याने तोंड वर करून गालाकडे बोट दाखवलं. "इथं दिवसभर खर्रा असते. तंबाखू लागली तर चामडं खराब होते. सीमाच धरते पहिल्यापासून. टीव्ही पाहता पाहता होऊन जाते तिचं."

"किती?"

"काय किती?"

"किती चामडी धरली तिने? पाडव्यापासून?"

तो आठवू लागला. सीमाने तोंड पुसलं आणि तीच म्हणाली, "साठेक काठ्या झाल्या. आणि चार मेस. मेसची पट्टी मोठी असते ना, दोन-दोन तास ठेवा लागते. कालपासून ही पाचवी."

मी त्यांना सांगितलं. उभ्या उभ्याच सांगितलं, लेप, कुत्रा, राख, नळ, सगळं. सीमा मोरीच्या उंबऱ्यावर बसून ऐकत होती. श्यामचा चेहरा आधी उतरला, मग तो रागावला.

"बाई, साठ वर्ष झाले त्याले. अशे औषध राहते काय साठ वर्ष? उडून जाते ते."

"ते उडत नाही, श्याम."

"तुम्हाले काय माहीत? तुम्ही केमिस्ट आहात?" तो येरझाऱ्या घालू लागला. "रविवारी प्रदर्शन आहे. पत्रिका वाटल्या. तिकडून लोक येऊन राहिले, पुण्याहून, इंदूरहून. आणि तुम्ही म्हणता सगळ्या काठ्याले विष लागलं आहे? डॉक्टरनं पाणी सांगितलं. मी फिल्टर बसवला, बावीस हजाराचा."

"फिल्टर बसवून कमी झालं का?"

तो थांबला. पण हरला नाही. लहानपणीही नसे हरत, पाढा चुकला तरी पुढचा म्हणायचा.

"बाई, राग नका मानू. पण आजोबा सांगत, देवराव दारूनं गेला. अख्ख्या क्लबाले माहीत होतं. तुम्हाले आता ते सहन होत नाही, म्हणून ह्या डब्यावर ढकलून राहिल्या."

मागच्या खोलीत भिंतीला लावलेल्या काठ्या दारातून दिसत होत्या. एका रांगेत, टोकं वर, प्रत्येक टोकावर सीमाच्या तोंडात नरम झालेली काळी चकती.

मी म्हणाले, "माझे वडील पीत नव्हते. हे मला आज सकाळी कळलं. तुझ्या आजोबांना कधीच कळलं नाही. पण मी त्यासाठी आले नाही. ते गेलेच. मी हिच्यासाठी आले."

सीमाने डोकं वर केलं. तिचा आवाज अगदी साधा होता, बाजाराचा भाव विचारावा तसा.

"बाई, तुमच्या बाबाचे पाय कधी सुरू झाले होते? आग व्हाले?"

मला ते माहीत होतं. होळीच्या दिवशी ते म्हणाले होते की पायात जोडा आहे की नाही ते कळत नाही.

"होळीला. साठ सालच्या."

"आणि गेले कधी?"

श्याम म्हणाला, "सीमा, सोड ना आता."

"तुम्ही चूप बसा. बाई, कधी गेले?"

"पुढच्या वर्षी वैशाखात. चौदा महिन्यांनी."

"ते धूत होते, तरी चौदाच महिने." ती बोटांवर काहीतरी मोजत होती. "मह्ये पाय आषाढात सुरू झाले. मी तर एकही धुतली नाही. मले त्याची चव आवडाले लागली होती. थोडी गोडसर येते. मी म्हटलं, जुन्या चामड्याची असन."

श्याम खाली बसला. खिडकीकडे जाऊन खर्रा थुंकायचं त्याला सुचलं नाही, त्याने तो तसाच गिळला आणि खोकला. सीमाने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"त्यांना कोणी थांबवलं नव्हतं, सीमा," मी म्हणाले. "शेवटच्या दिवसापर्यंत ते काम करत होते. तुला आज थांबवलं. आता औषधं आहेत."

"हाव," ती म्हणाली. मला बरं वाटावं म्हणून म्हणाली असावी.

श्याम म्हणाला, "मी उद्या सकाळी डॉक्टरले दाखवतो ना. पहिले फोन करून विचारतो. रविवार झाला की नागपूरले जाऊ, मोठ्या दवाखान्यात."

"रविवारनंतर नाही," सीमा म्हणाली. "आता. गाडी काढा."

"अवं पण दोन मेस..."

"त्या तुम्ही तोंडात धरा."

तिने भिंतीला हात लावून स्वतःला उभं केलं. फाइल घेतली, डॉक्टरची जुनी कागदं घेतली, कपाटातून शाल काढली. मी श्यामला सांगितलं, डबा प्लास्टिकच्या पिशवीत घाल, एकात एक दोन पिशव्या, दवाखान्यात दाखवावा लागेल, आणि हात साबणाने धू. त्याने सगळं केलं. चौथीतल्यासारखं, एकेक ओळ मनात म्हणत. पितळी डब्याचं झाकण त्याने दाबून लावलं. आतल्या चकत्या खुळखुळल्या.

त्यांचं घर वरच्या मजल्यावर आहे, बारा पायऱ्या आहेत. श्याम पुढे गाडी काढायला गेला. सीमा कठडा धरून उतरत होती, पाठ ताठ. मी तिच्या मागे होते, दोन पायऱ्या वर. दुपारचं ऊन जिन्यात आलं होतं.

चौथ्या पायरीवर तिच्या डाव्या पायातली चप्पल निसटली. ती उतरत राहिली. तापलेल्या फरशीवरून, मग अंगणातल्या खडीवरून, एक पाय चपलेत, एक उघडा, ती सरळ गाडीपर्यंत गेली. दार उघडून आत बसली आणि मागे वळून मला हाक मारली.

"चला ना बाई. काहून थांबल्या?"

मी चप्पल उचलली.